लॅच बसत नाही? पट्टी घासण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत तक्रार ठरलेली: दार आपटल्याशिवाय लॅच लागत नाही. मग कोणीतरी कानस घेऊन चौकटीवरची पट्टी, म्हणजे लॅचची पुढे येणारी जीभ जिच्या भोकात बसते ती स्ट्राइक प्लेट, घासायला बसतं. तिथेच घोटाळा होतो. पट्टी सहसा जागची हलत नाही, हलतं ते दार.

म्हणून आधी बिजागऱ्या तपासा. दार अर्धं उघडा आणि मुठीला धरून वर उचलून बघा. वरची बिजागरी हलली, तर दार लोंबलंय. तिचे स्क्रू आवळा. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक सैल झालंय. त्यात तेवढाच स्क्रू पुन्हा मारणं व्यर्थ. काडेपेटीच्या लाकडी काड्यांचं गुल काढा, त्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा (मेणाच्या काड्या चालत नाहीत), रात्रभर वाळू द्या आणि बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. बहुतेक दारं एवढ्यावरच सुधारतात.

तरी अडलंच, तर अंदाजाने घासू नका. लॅचच्या जिभेला खडू किंवा जुनी लिपस्टिक लावून दार हलकेच ओढून घ्या. डाग पट्टीच्या भोकाखाली उमटला तर जीभ खाली येतेय. फरक एक-दोन मिलिमीटरचा असेल, तर पट्टी काढून भोकाची खालची कड घासा आणि मागचं लाकूडही पटाशीने तेवढंच कोरा. हे कोरायचं बरेच जण विसरतात, मग जीभ लाकडावर अडते. फरक जास्त असेल तर पट्टीच खाली सरकवा. पण जुनी भोकं आधी काड्यांनी बुजवा, नाहीतर नवा स्क्रू घसरून जुन्याच भोकात जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भर पावसाळ्यात दाराला रंधा मारणं. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात ते आकसलं की फट पडते आणि जीभ पट्टीपर्यंत नीट पोचतच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, तशी वेळ आली तर दार पुरतं वाळेपर्यंत हत्यार लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. कोरड्या दिवसांत दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग द्या. त्या कोऱ्या राहिल्या की ओल तिथूनच शिरते.

लॅचमध्ये खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून जीभ जाम होते. पेन्सिलीचं शिसं घासलं तरी पुरतं.