गॅदरिंगचे फोटो: अंधाऱ्या स्टेजसाठी लेन्स कशी निवडावी

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो हलले किंवा दाणेदार आले की लोक नवा कॅमेरा घ्यायचा विचार करतात. बहुतेक वेळा अडचण लेन्सच्या ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाची असते, आणि मोठ्या ॲपर्चरची साधी लेन्स घेण्याचा खर्च बराच कमी आहे.

हिशेब शटरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ येतो त्यापासून सुरू करा, कारण ते मुलांच्या हालचालीवर ठरतं. ईशस्तवन, भाषण, बक्षीस समारंभ यांना १/१२५ सेकंद पुरे. लेझीम, कोळीगीत, शेतकरी नृत्य यांना किमान १/२५०, आणि उड्या-गिरक्या असतील तर १/५००. ट्रायपॉडने आपला हात स्थिर होतो, नाचणारं मूल नाही. त्यामुळे शटर कमी करून उजेड मिळवायचा मार्ग इथे बंदच असतो.

आता लेन्सचा फरक बघा. एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर मोठं आणि उजेड जास्त; आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ करायचा ते सेटिंग, ते वाढवलं की दाणे वाढतात. एखाद्या स्टेजवर १/२५० आणि एफ २.८ ला आयएसओ ३२०० लागत असेल, तर एफ ५.६ ला १२८०० लागेल आणि एफ १.८ ला साधारण १२५० मध्ये काम होईल. कॅमेऱ्यासोबत मिळणारी ५५-२५० सारखी झूम लेन्स पूर्ण ताणली की एफ ५.६ वर जाते. मागच्या रांगेत बसलेले पालक नेमकी तशीच वापरतात, एफ १.८ च्या मानाने त्यांच्या सेन्सरला दहावा हिस्सा उजेड मिळतो.

म्हणून पहिली खरेदी ५० मिमी एफ १.८ ची. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान, बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत असतो तो) १० मीटर अंतरावरून तिच्यात साधारण साडेचार मीटर रुंदी मावते, म्हणजे चार-पाच मुलं पायांसकट. त्याच जागेवरून ८५ मिमीमध्ये अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे एकदोन मुलं. ३५ मिमीमध्ये सहा मीटरच्या वर. तीस फुटी स्टेज पूर्ण हवं असेल तर २४ मिमी लागेल, आणि त्यासाठी कॅमेऱ्यासोबतची १८-५५ सारखी किट लेन्स चालते. ७०-२०० एफ २.८ उत्तम, पण जड आणि महाग. एका संध्याकाळसाठी भाड्याने आणावी.

एफ १.८ वर खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, किती पातळ होते हे अंतरावर अवलंबून आहे. ५० मिमीने १० मीटरवरून अडीच मीटरच्या थोडी वर खोली मिळते, दोन रांगा सहज येतात. ८५ मिमीने ५ मीटरवरून मात्र जेमतेम पाऊण फूट. समोरच्या मुलीच्या हातातल्या टाळांवर फोकस गेला की चेहरा सुटतो. अशा वेळी एफ २.८ वर या आणि आयएसओ वाढवा.

आयएसओची भीती बाळगू नका. १६०० वर अंधारा फोटो काढून नंतर उजळवला, तर सावल्यांमध्ये ३२०० वर नीट काढलेल्या फोटोइतकेच किंवा त्याहून जास्त दाणे दिसतात. कच्ची फाइल, म्हणजे रॉ, ठेवाच.

एक्स्पोजर (शटर, ॲपर्चर आणि आयएसओ) मॅन्युअल ठेवा. मागे काळा पडदा असला की ऑटोमध्ये कॅमेरा सगळं उजळवतो आणि वारकऱ्यांच्या वेशातल्या मुलांचे पांढरे सदरे, चेहरे पार उडून जातात. एक चाचणी फोटो काढा, चेहरा मोठा करून बघा, सेटिंग ठरवा. लाइट बदलला तर फक्त आयएसओ हलवा.

सगळ्यात जास्त फोटो बिघडवतात ते रंगीत एलईडी पार लाइट, म्हणजे स्टेजवर रंगीत झोत टाकणारे दिवे. निव्वळ लाल किंवा निळ्या झोतात सेन्सरचा एकच रंग भरून वाहतो, नाक-गाल सपाट होतात, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. रंगाचा हिस्टोग्राम (कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख) बघून एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर उतरवा, किंवा पांढरा झोत येईपर्यंत थांबा. त्याहून चांगला उपाय म्हणजे लाइटवाल्याला आधीच भेटणं: समोरचे दोन पांढरे फोकस प्रत्येक नाचाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट तरी चालू ठेवा, एवढंच सांगायचं. बहुतेक जण आनंदाने ठेवतात.

फोटोत आडवे काळे पट्टे आले तर सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी सोय) असेल तर चालू करा. स्वस्त एलईडींची लुकलुक वेगळ्या वेगाची असते, तिथे हे काम करेलच असं नाही. भाषणापुरतं १/१०० वर आलात तर बरेचदा पट्टे जातात.

फ्लॅश नको. तो पुढच्या रांगेतली डोकी उजळतो, स्टेजचा रंग मारतो आणि मुलांचे डोळे दिपवतो. धूर सोडला की फोकस भरकटतो. दहा-पंधरा सेकंद थांबून मग पुन्हा धरा.

जागा मधल्या वाटेच्या कडेला, स्टेजपासून ८ ते १० मीटर, पालकांची दृष्टी न अडवता. अगदी पुढे बसलं तर चार फूट उंच स्टेजवरच्या मुलांच्या हनुवट्याच दिसतात आणि पाय माइक, कुंड्यांमागे जातात. दीपप्रज्वलनाला मात्र बाजूच्या विंगेजवळ जा. समईकडे वाकलेल्या चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड तिथूनच टिपता येतो.

रंगीत तालीम चुकवू नका. दिवे लागलेले नसले तरी उडी कोणत्या ओळीला आहे, मनोरा कधी रचला जातो, हे कळतं. उडीच्या अगदी वरच्या टोकाला हालचाल क्षणभर थांबते, तेव्हा १/२५० वरही फोटो स्वच्छ येतो.

फोटो काढण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून आधी घ्या. नंतर फोटो वर्गशिक्षकांकडेच द्या. दुसऱ्यांची मुलं असलेले फोटो सार्वजनिक ठिकाणी टाकू नका.