ब्राँझ उलटं करून बघितलंस का?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "ताई, अमेरिकन शिल्पकारांच्या कागदपत्रांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" विचारणारे बहुतेक जेजे नाहीतर बडोद्याहून कला-इतिहास करून तिकडे गेलेले असतात. फाइंडिंग एड (संग्रहातल्या कागदांची यादी) कशी वाचायची, रीडिंग रूममध्ये पेन्सिलच का लागते, हे त्यांना माहीत असतं. मी सांगते ती माझी फजिती. सात वर्षं झाली, अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हा मी एका ठिकाणी (नाव नको) साहाय्यक होते. काम एका ब्राँझचा मालकी-इतिहास लिहायचं. शिल्प फ्रेडरिक रेमिंग्टनचं 'ब्राँको बस्टर'. ओव्हल ऑफिसच्या फोटोंत उधळलेल्या घोड्यावरचा काउबॉय बघितला असेल, तोच. मालकाच्या घरात आजोबांच्या वेळची पावती होती. त्यावर शिल्पाचं नाव आणि एक दोन आकडी नंबर. शिल्प १८९५ चं, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. सुरुवातीच्या प्रतींवर नंबर असत, हेही मी वाचलं होतं. मी दोन्ही जोडलं आणि ठोकून दिलं: हेन्री-बोनार्डच्या ओतशाळेतली प्रत, वाळूच्या साच्यातली, १८९०च्या दशकातली. टिपण मालकाकडे गेलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंनी एकच विचारलं. "उलटं करून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. माझ्याकडे फक्त समोरून काढलेले फोटो होते. तळाचा फोटो मागवला, तर त्यावर दुसऱ्याच ओतशाळेचं नाव: रोमन ब्राँझ वर्क्स.

इथे जरा थांबते, कारण नवे लोक नेमके इथेच अडकतात. रेमिंग्टनने हे शिल्प आधी हेन्री-बोनार्डकडे वाळूच्या साच्यात ओतून घेतलं. १९०० च्या सुमारास तो रिकार्दो बेर्तेल्लीच्या रोमन ब्राँझ वर्क्सकडे गेला. तिथे आधी मेणाची प्रतिकृती करायची आणि मेण वितळवून त्या जागी ब्राँझ ओतायचं. आणि तिथे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले! म्हणजे एकाच नंबरच्या, एकाच नावाच्या दोन प्रती असू शकतात, आणि दोघींत दहा वर्षांचं अंतर असू शकतं. वाळूच्या साच्यातल्या प्रती मोजक्याच, मेणातल्या कितीतरी जास्त. त्यामुळे भावातही फरक. त्यात मेणाच्या पद्धतीत रेमिंग्टन अनेकदा मेणावर हात चालवायचा. काही प्रतींत काउबॉयच्या पायांवरचं चामडं गुळगुळीत, काहींत लोकरीसारखं केसाळ. १९०९ मध्ये त्याने मोठ्या आकाराची वेगळी आवृत्तीही केली. त्याच वर्षी तो गेला, पण ओतकाम थांबलं नाही. बायको इव्हा १९१८ मध्ये वारली, तोवर तिच्या परवानगीने प्रती निघत राहिल्या. पुढे हक्क संपल्यावर कुणीही ओतायला लागलं, त्या नकलांचा तर हिशेबच नाही.

म्हणून वहीत चार रकाने आखा: मूळ घडण कधीची, ही प्रत कधी ओतली, कुठे ओतली, कधी विकली. 'साल' असा एकच रकाना ठेवलात तर माझ्यासारखे तोंडावर पडाल. आणि शीर्षकाला वस्तू समजू नका. हायरम पॉवर्स या शिल्पकाराच्या 'ग्रीक स्लेव्ह'च्या पूर्ण आकाराच्या संगमरवरी प्रती सहा आहेत. पत्रात "तुमची ग्रीक स्लेव्ह पोचली" असं असेल तर आधी विचारा, सहांतली कुठली?

माझ्या प्रतीचं उत्तर शेवटी ओतशाळेच्या खातेवहीत मिळालं. रोमन ब्राँझ वर्क्सची दप्तरं टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहेत. शिल्पकार न्यूयॉर्कचा, ओतशाळा न्यूयॉर्कची आणि वह्या टेक्सासात. असंच असतं. रेमिंग्टनची प्रदर्शनं ज्या नोडलर गॅलरीत भरायची, तिच्या वह्या २०१२ पासून लॉस एंजेलिसला गेटी या संशोधन संस्थेकडे आहेत. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंचचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, शिल्पकार सेंट-गॉडन्सचे डार्टमथ कॉलेजात. कलाकारांचे कागद जमवणारं आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट तर १९५४ मध्ये डेट्रॉइटला सुरू झालं आणि १९७० पासून स्मिथसोनियनचं आहे. त्यांनी बरेच कागद नुसते मायक्रोफिल्म करून मालकांना परत दिले, तेव्हा रीळ दिसलं म्हणून मूळ कागद तिथेच असेल असं धरून विमानाचं तिकीट काढू नका. आधी आर्किव्हिस्टला मेल करा. संग्राहकांचे कागद शोधायचे असतील तर न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयाची डिरेक्टरी आहे, ती मात्र खरंच सोन्यासारखी.

आता थोडं बोचरं. "सगळं ऑनलाइन आहे, नाव टाक आणि शोध" असं सांगणाऱ्या गाइडपासून लांब राहा. स्कॅन ऑनलाइन असतात, पण त्यातलं हस्ताक्षर शोधात येईलच असं नाही. खातेवहीत गिऱ्हाइकाचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. आणि मशीनकडून हस्ताक्षर वाचून घेऊन ते तसंच उतरवणारे विद्यार्थी बघितले की मला राग येतो. राग यायचा मला हक्क नाही, मीही शॉर्टकटच मारला होता. तरी येतो.

घाबरू मात्र नका. आपल्याला इथे एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. पुण्यात मी हौसेने मोडी शिकले होते. मोडी वाचलेल्या डोळ्यांना एकोणिसाव्या शतकातलं कर्सिव्ह चार दिवस छळतं, पाचव्या दिवशी उलगडतं. गॅलऱ्यांच्या वह्या म्हणजे शेवटी कीर्द आणि खतावणीच. डीलर लोक खरेदीचा भाव अक्षरांच्या सांकेतिक खुणांत लिहायचे, ते बघून माझ्याबरोबरची अमेरिकन मुलगी हबकली. मला आमच्या गावचं कापडदुकान आठवलं. ताग्याच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून अक्षरांत भाव. दहा अक्षरी शब्द, एकेका अक्षराला एकेक आकडा. विकलेल्या पाच-सहा वस्तूंचे आकडे दुसऱ्या वहीत सापडले की खूण फुटते. आम्हाला ती फोडायला एक दुपार लागली.

त्या मालकाला मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. सहा ओळींचं, चार वेळा फाडलेलं. त्याचं उत्तर दोन ओळींत आलं: ठीक आहे, आणि आजोबांनी ते नेमकं कुठल्या वर्षी घेतलं ते शोधता येईल का? तळाचा आणखी एक फोटो त्याने स्वतःहून जोडला होता, शेजारी मोजपट्टी ठेवून.