बाटली लावण्यापूर्वी कास पाहा : गावात व्यवसाय सुरू करणाऱ्या नव्या पशुवैद्यकांसाठी

साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलीच इंटर्नशिप आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आटोपून जे थेट गावात मोठ्या जनावरांचा व्यवसाय सुरू करण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पशुधन विकास अधिकारी होईपर्यंत ‘तोवर थोडी प्रॅक्टिस’ असे म्हणणाऱ्यांनी तर हे जरूर वाचावे, कारण मीही तसेच म्हणत माळशिरस तालुक्यातील ऊसपट्ट्यात आले आणि आता सहावे वर्ष चालू आहे. औषधांच्या मात्रा, लसीकरणाचे वेळापत्रक, गर्भतपासणी हे तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरते. मला सांगायचे आहे ते एका गाईबद्दल. ती माझ्या हातून गेली.

आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की गव्हाणीत उसाच्या वाढ्यांखेरीज, म्हणजे तोडणीनंतर उरलेल्या हिरव्या शेंड्यांखेरीज, दुसरे काही दिसत नाही. वाढे स्वस्त मिळतात, जनावर आवडीने खाते, पण त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शिअमला बांधून ठेवते आणि ते जनावराच्या अंगी लागत नाही. त्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय तिसऱ्या-चौथ्या वेताची असेल, तर व्यायल्यावर दुधावाटे एकदम बाहेर पडणाऱ्या कॅल्शिअमची भरपाई तिचे शरीर वेळेवर करू शकत नाही आणि ती बसते. हाच दुग्धज्वर; नावात ज्वर असला तरी यात अंग गार पडते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला मी दर हंगामात देते आणि दर हंगामात तो ऐकून घेतला जातो. शिंपडली जाते ती क्वचितच. त्यामुळे हिवाळ्यात येणाऱ्या फोनांपैकी बरेच ‘गाय बसली’ याच वाक्याने सुरू होतात, आणि बहुतेक वेळा दुग्धज्वराचे निदान बरोबरही ठरते. घात होतो तो या ‘बहुतेक वेळा’मुळेच.

व्यवसायाच्या दुसऱ्याच महिन्यात, जानेवारीतील एका संध्याकाळी मालकाचा फोन आला : “मॅडम, गाईचं कॅल्शिअम कमी झालंय, बसलीय ती. बाटली गरम पाण्यात ठेवतो, तुम्ही फक्त लावायला या.” मी गोठ्यात पोहोचले तेव्हा तिसऱ्या वेताची गाय कोब्यावर बसलेली होती, व्यायल्याला दुसरा दिवस होता, मान कुशीकडे वळलेली आणि कान हाताला गार लागत होते. दाराशी पंधरा-वीस माणसे उभी होती. थर्मामीटर दुचाकीच्या डिकीत राहिला होता आणि तो आणायला मी परत गेले असते, तर या नव्या मॅडमना काही सुचत नाही असे लोक म्हणतील, एवढ्याच धास्तीने मी गेले नाही. मानेची शीर पहिल्या प्रयत्नात सापडली, याचा मला अभिमान वाटल्याचेही आठवते. मालकाच्या भावाने बाटली डोक्याच्या वर धरली. ती खाली घ्या, असे मी त्यांना सांगितले नाही. निम्म्याहून थोडी अधिक उतरली असताना गाईने एकदा हुंकार दिला, पाय ताणले आणि मान टाकली. मी सुई काढून छातीला स्टेथोस्कोप लावला. त्या संध्याकाळी तो गाईला पहिल्यांदाच लागत होता, आणि ऐकण्यासारखे काही उरले नव्हते.

गर्दी पांगल्यावर मालकाच्या आई जवळ आल्या. रोज धार त्याच काढत. “सकाळी मागच्या डाव्या सडातनं पिवळं पाणी येत होतं, बाई. मला वाटलं, चिकाचंच असंल.” मी खाली बसून तो सड पिळला. ताकावरच्या निवळीसारखे पिवळट पाणी आणि त्यात कोंड्यासारखे कण माझ्या तळहातावर आले. कासेचा तेवढा एकच भाग फुगून घट्ट झालेला होता. दुसऱ्या बाजूने हात घातला असता तर तो बाटलीपूर्वीच कळला असता.

हा सापळा नीट समजून घ्या. पुस्तकात त्याला दोनच ओळी मिळतात. ई. कोलायसारख्या जंतूंमुळे झालेल्या तीव्र कासदाहात, म्हणजे लोक ज्याला दगडी म्हणतात त्याच्या सर्वांत वाईट प्रकारात, जंतूंचे विष रक्तात भिनते आणि गाय अक्षरशः काही तासांत बसते. हाही आजार व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो. कान याही गाईचे गार पडतात, मान तीही वळवते, रवंथ तिचाही बंद होतो. शिवाय तिच्या रक्तातील कॅल्शिअमही बरेचदा उतरलेले असते, म्हणून बाटली लावणाऱ्याला आपण अगदीच चुकलो असे वाटत नाही. मात्र विषाने आधीच थकलेले हृदय शिरेतून वेगाने येणारे कॅल्शिअम सोसत नाही. ठोके चुकू लागतात आणि आपण बाटलीकडे पाहत असताना ते थांबते.

केवळ थर्मामीटरवर विसंबू नका, हेही सांगायला हवे. विषबाधेच्या सुरुवातीला ताप चढलेला असतो, पण गाय बसेपर्यंत तो पुष्कळदा उतरून नेहमीपेक्षाही खाली गेलेला असतो, आणि मग तो आकडा दुग्धज्वरासारखाच दिसतो. म्हणून चारही सड पिळून पाहा, काळ्या फरशीवर किंवा काळ्या वाटीत, कारण पांढऱ्या भांड्यात पाण्यासारखे दूध चटकन ओळखू येत नाही. डोळ्याची पापणी उलटून पाहा. ती विटकरी लाल झाली असेल आणि डोळे खोल गेले असतील तर थांबा. शेण पाहा : दुग्धज्वरात ते अडते, विषबाधेत पातळ होण्याची शक्यता अधिक. ठोके पूर्ण एक मिनिट मोजा. दुग्धज्वरात ते मंद ऐकू येतात आणि 80-90 च्या आसपास असतात. 110-120 च्या पुढे गेले असतील तर बाटली बाजूला ठेवून पुन्हा कासेकडे वळा. एवढे सगळे पाच मिनिटांत होते. शंका उरलीच तर कॅल्शिअम कातडीखाली, चार-पाच जागी विभागून द्या, मात्र त्या बाटलीत डेक्स्ट्रोज (साखर) नाही ना, हे लेबलवर वाचून घ्या; नाहीतर तेथे गळू येईल.

शिरेतून द्यायचे ठरले तर बाटलीला किमान पंधरा मिनिटे लागली पाहिजेत. बाटली हृदयाच्या पातळीपासून फार उंच धरू नये आणि एक कान सतत स्टेथोस्कोपला असावा. ठोका चुकला की नळी दाबा. गाय थरथरली, ढेकर दिली, नाकपुडीवर दव आले, शेण टाकले की समजावे, गाय परत येते आहे.

येथे उलट बाजूही सांगते, नाहीतर हे वाचून तुम्ही माझ्यासारखेच घाबराल. त्या प्रसंगानंतर जवळजवळ महिनाभर मी शिरेतून कॅल्शिअम दिलेच नाही. अशातच एका निखळ दुग्धज्वराच्या गाईला मी रात्री केवळ कातडीखाली औषध दिले आणि सकाळी येते म्हणून निघाले. सकाळी तिचे कॅल्शिअम सुधारलेले होते, पण रात्रभर एकाच कुशीवर कोब्यावर पडून राहिल्याने मागच्या पायाचे स्नायू दाबून निकामी झाले होते. ती उठली नाही. बसलेल्या गाईखाली पाचटाचा जाड थर घालायचा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, हे सांगायला मी विसरले होते. म्हणजे एक गाय माझ्या घाईने गेली आणि दुसरी माझ्या भीतीने. तरीही मी या व्यवसायात आहे आणि तुम्हीही राहाल. पहिल्या वर्षात हातून एकही जनावर गेले नाही असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मार्गदर्शकांविषयी माझे मत काहींना रुचणार नाही. मी सुरुवातीला ज्यांच्यासोबत फिरले, ते डॉक्टर दोन बाटल्या दोन शिरांत एकदम सोडत आणि ‘तीस वर्षांत काही झाले नाही’ असे सांगत. गेलेल्या गाईंची नोंद त्यांनी कधी ठेवलीच नव्हती. फोन केल्यावर औषधाचे नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारणारा निवृत्त अधिकारी भेटला तर त्याला सोडू नका. कृत्रिम रेतन करणाऱ्या गावातील मुलालाही कमी लेखू नका. उपचाराचा कायदेशीर अधिकार तुमचा आहे, पण कुठल्या घरी कोणत्या गाईला माज कधी आला आणि कोणत्या गोठ्यात दगडीचे रोगी वारंवार होतात, हे त्याला तुमच्यापेक्षा आधी माहीत असते. समाजमाध्यमांवरच्या गटांत फिरणारी ‘कॉकटेल’ इंजेक्शने मात्र मला अजिबात मान्य नाहीत. त्यांतील डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सात-आठ महिन्यांची गाभण गाय गाभडू शकते, आणि जनावरांसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक 2006 पासून बंद असूनही माणसांच्या कुपीतून ते भरून देणारे आजही आढळतात.

बाकीचे थोडक्यात. ‘घशात काही अडकलेय, लाळ गळतेय’ असे सांगितले की जबड्यात उघडा हात घालू नका. ती पिसाळी असू शकते. व्यवसाय सुरू करण्यापूर्वी स्वतःची रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण करून घ्या. वार (झार) काढताना खांद्यापर्यंतचे हातमोजे घाला, कारण ब्रुसेला या जंतूचा ताप वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. उधारी मागायला लाजू नका. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी होते, त्याच दिवशी फोन केला तर कोणी वाईट मानत नाही, आठवडाभराने केला तर पैसे पेंडीत गेलेले असतात.

त्या मालकांना खरे कारण सांगायला मला तीन दिवस लागले. ते ऐकून घेत राहिले, काही वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “आता आलाच आहात, तर दुसरीची कास बघून जा.” त्यांच्या आईंनी वाटी आणून दिली. तेव्हापासून ‘गाय बसली’ असा फोन आला की मी आधी विचारते, धार कोण काढते, आणि त्यांच्याकडे फोन द्यायला सांगते. त्या बाई हात पुसून येईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात; तेवढ्यात माझी दुचाकी बाहेर निघालेली असते आणि डिकीतला थर्मामीटर गळ्यात अडकवलेला असतो.