हिरा फुटत नाही? घेताना आणि वापरताना या चुका टाळा

खानापूर-निपाणीकडच्या गावांत भजनाला बसलं की तुकोबांचा ऐरणीवरच्या हिऱ्याचा अभंग होतोच. तो हिरा घण सोसतो, म्हणून घरातला खडा हातोडीने पारखायला जाऊ नका. हिरा कठीण असतो म्हणजे त्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस स्केलवर त्याला 10 पैकी 10 गुण आहेत ते त्यासाठी. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात, की तिथे नेमका घाव बसला तर अस्सल हिराही दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर पूर्वापार याच गुणाचा उपयोग करत आले. अंगठी कडप्प्यावर आपटली तरी कडेचा टवका उडू शकतो.

चमक गेली म्हणजे हिरा खोटा निघाला, हाही गैरसमज. तेल-तूप हिऱ्याला चटकन धरतं. अंगठी घालूनच भाकरीचं पीठ मळलं की ते खड्याच्या मागे जाऊन बसतं, आणि उजेड परतायची वाटच बंद होते. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. जरा भिजवून मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा. ब्लीच अजिबात नको, सोन्यातल्या इतर धातूंना ते खातं. आजीच्या कुड्या बंद कोंदणाच्या असतील तर मात्र पाण्यात बुडवूच नका! आत पन्नी असेल तर ती काळी पडते आणि खडा कायमचा मंद होतो. त्या सराफाकडेच न्या.

बेळगावच्या खडेबाजारात खरेदीला गेलात तर हॉलमार्कवर विसंबू नका. तो सोन्याचा असतो, हिऱ्याचा नव्हे; हिऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं मागा. उष्णता मोजणारा टेस्टर लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्यालाही हिराच म्हणतो, कारण तोही कार्बनच, आणि मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या खड्यालाही बऱ्याचदा पास करतो. लॅबचा हिरा घ्यायला हरकत नाही, पण तो खूप स्वस्त असतो, तेव्हा बिलावर तसं लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, तेही बघा: हिऱ्याचं वजन सेंटमध्ये सांगतात, 50 सेंट म्हणजे अर्धा कॅरट, म्हणजेच 0.1 ग्रॅम.

शुक्राचं रत्न म्हणून घालत असाल तर श्रद्धा तुमची, पण सर्टिफिकेट तिथेही मागाच.

आणि हिऱ्याची अंगठी मोत्यांच्या डबीत टाकू नका. मोती फार मऊ, लगेच ओरखडे पडतात.