नारळ, तांब्या आणि रिम लाइट

बारावी झाल्यावर मी बेळगावातल्या एका स्टुडिओत हेल्पर म्हणून लागलो. पहिले सहा महिने स्टँड उचलायचे, पडदे गुंडाळायचे आणि पासपोर्ट फोटो कापायचे, एवढंच काम. आता शहापूरला माझी स्वतःची दहा बाय चौदाची खोली आहे आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं-पोरी शिकायला येतात. त्यांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, ते केसांच्या कडेला चमकतं ते कसं करायचं?" ती चमक मागून दिलेल्या लाइटची, त्याला रिम लाइट म्हणतात. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथं लिहून काढतोय.

आधी माझी चूक सांगतो, कारण रिम लाइट कशासाठी असतो हे मला तिच्यामुळं कळलं. स्थळासाठी फोटो काढायला एक ताई आल्या होत्या. लांब जाड वेणी, तिच्यावर अबोलीचा गजरा. मालक जेवायला गेले होते. मी हौसेनं काळा पडदा सोडला, समोरून सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढरं कापड लावलेला मऊ उजेडाचा लाइट, लावला आणि फोटो काढले. चेहरा छान आला. स्क्रीनवर बघून ताईंच्या आई म्हणाल्या, "केस कुठं गेले गं हिचे?" खरंच गेले होते. काळे केस काळ्या पडद्यात मिसळले होते आणि नुसता चेहरा अंधारात टांगल्यासारखा दिसत होता. मालक आले, काही बोलले नाहीत. पासपोर्टच्या कोपऱ्यातला लहान लाइट उचलला, ताईंच्या मागं एका बाजूला उंचावर लावला आणि म्हणाले, "आता काढ." वेणीचा पेडन् पेड दिसला. गजऱ्यातली फुलं सुटी सुटी दिसली. खांद्यापासून पदरापर्यंत एक बारीक उजळ रेघ आली आणि ताई पडद्यापासून सुटून पुढं आल्या.

रिम लाइटचं काम ते एवढंच. माणूस आणि पडदा यांच्यामध्ये रेघ ओढायची. कृष्णधवल सिनेमाच्या काळात ही गरज फार मोठी होती. लाल साडी आणि हिरवी भिंत डोळ्याला वेगळी दिसते, पण फिल्मवर दोन्ही सारख्याच करड्या उमटू शकतात. मग नटाला भिंतीपासून सोडवायला मागून लाइट द्यावा लागे. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर कोल्हापुरात १९२९ साली प्रभात कंपनी सुरू झाली, तेव्हाच्या कॅमेरामनांपुढंही हाच प्रश्न होता. आपल्याकडं रंग आले तरी काळ्या केसांचा आणि गडद पडद्याचा प्रश्न तसाच आहे.

आता प्रयोग. लाइट विकत घेण्याआधी दुकानातून शेंडीवाला नारळ आणा आणि घरातला पितळी तांब्या घ्या. काळ्या पडद्याच्या पाच-सहा फूट पुढं स्टुलावर दोन्ही शेजारी ठेवा. खोलीतले दिवे बंद करा आणि मागच्या बाजूनं एकच लाइट, मॉडेलिंग लॅम्पवर (फ्लॅशमधला सतत जळणारा बल्ब), चालू ठेवा. स्टुडिओ लाइट नसला तर टेबल लॅम्पही चालतो.

तांब्याकडं बघा. पोटावर एक धारदार पांढरी रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे तुमच्या लाइटचं प्रतिबिंब आहे. स्ट्रिप बॉक्स, म्हणजे लांब अरुंद सॉफ्टबॉक्स, असेल तर ती लांब येते, उघडा गोल लाइट असेल तर आखूड ठिपका येतो. तुम्ही एक पाऊल सरकलात की रेघही सरकते. आता नारळ बघा. शेंडीचा एकेक धागा उजळलेला दिसतो, पण करवंटीवर रेघ नाही, नुसता मऊ पट्टा आहे. तुम्ही सरकलात तरी तो फारसा हलत नाही.

मग लाइट तीन फुटांवरून सहा फुटांवर न्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). नारळ लगेच मंद होतो. तांब्यावरची रेघ मात्र जवळजवळ तेवढीच तेजस्वी राहते, फक्त बारीक होते. हे मी प्रत्येक नव्या पोराला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावतो, कारण पुढचं सगळं यातून निघतं. तेल लावलेले केस, घामेजलेलं कपाळ, साडीची जर, चष्म्याची काडी हे सगळे तांब्ये. कोरडे केस, लोकरीची शाल, खादीचा सदरा हे नारळ. तांब्यासारख्या गोष्टीला लाइटची जागा आणि आकार बदलावा लागतो. नारळासारख्या गोष्टीला त्याची ताकद आणि अंतर. साडीची जर फार चमकते म्हणून लाइट मागं मागं नेत बसलात तर जर तशीच चमकत राहील आणि केस मात्र अंधारात जातील.

माणसाची कातडी दोन्हींच्या मधली. समोरून पडलेला उजेड ती शोषते आणि पसरवते, पण मागून तिरका आलेला उजेड तिच्यावरून घसरून चमकतो. पावसाळ्यात रात्री हायवेवरून आलात तर हे पाहिलंच असेल. ओला डांबरी रस्ता काळाकुट्ट, तरी समोरच्या गाडीच्या दिव्यात असा चमकतो की पट्टे दिसत नाहीत. म्हणून मागचा लाइट दिसायला कमी असला तरी फोटोत जास्त भरतो. सावळ्या चेहऱ्यावर तर ही रेघ फार सुंदर येते, आणि अशा चेहऱ्याला समोरून जास्त उजेड मारून गोरं करायचा जो प्रकार चालतो तो मला अजिबात आवडत नाही. चेहऱ्याचा रंग आहे तसा ठेवा, कडेला रेघ द्या.

जागा कशी ठरवायची? जमिनीवर घड्याळ आहे असं समजा. माणूस मधोमध, कॅमेरा सहावर. मुख्य लाइट, म्हणजे समोरून चेहऱ्यावर पडणारा, साडेचारला ठेवला तर रिम बरोबर त्याच्या समोर, साडेदहाला. बाराकडं नेला तर तो माणसामागं लपतो किंवा फोटोत दिसतो, नऊकडं आणला की बाजूचा लाइट होऊन बसतो. उंची डोक्याच्या वर दीड-दोन फूट, तोंड खाली झुकवलेलं.

मग दोन तपासण्या करायच्या, न चुकता. पहिली नाकाची. रिम लाइटच्या मागं जाऊन उभे राहा आणि त्याच्या जागेवरून माणसाकडं बघा. गालाच्या पलीकडं नाकाचा शेंडा दिसला, तर लाइटलाही तो दिसतोय, म्हणजे नाकावर पांढरा ठिपका पडणारच. लाइट अजून मागं सरकवा किंवा चेहरा मुख्य लाइटकडं थोडा वळवा. दुसरी तपासणी लेन्सची. कॅमेऱ्यासमोर येऊन लेन्सच्या काचेकडं बघा. काचेवर रिमचा उजेड पडलेला दिसला तर फोटो धुरकट येणार, काळे रंग राखाडी होणार. लेन्सला हूड, म्हणजे पुढं बसणारी कड, लावा आणि लाइट व कॅमेरा यांच्यामध्ये काळा पुठ्ठा उभा करा. आमच्याकडं एका बाजूनं काळा रंग दिलेला थर्माकोल आहे, तोच रोज वापरतो.

बारीक केस कापलेल्या पुरुषांचे कान बघायला विसरू नका. अगदी मागून लाइट आला की कानातून आरपार जातो आणि कान लालभडक दिसतो. उंची थोडी वाढवली की बहुतेक वेळा मिटतं. आणि सुटे उडते केस आधीच पाण्याच्या हातानं बसवून घ्या. रिममध्ये एकेक केस तारेसारखा चमकतो, नंतर ते कॉम्प्युटरवर पुसण्यात अर्धा दिवस जातो.

ताकद ठरवताना आधी सगळे लाइट बंद करून एकटा रिम चालू ठेवा आणि एक फोटो काढा. काळ्या फोटोत फक्त कड दिसली पाहिजे. गाल, गळा, पडदा उजळला असेल तर उजेड सांडतोय. लाइटवर ग्रिड, म्हणजे उजेड पसरू न देणारी जाळी, लावा. रेघ स्वच्छ झाली की मगच मुख्य लाइट सुरू करा. मी आयएसओ १००, शटर १/१२५ आणि मुख्य लाइट एफ ८ वर ठेवतो. उजेड मोजायचा मीटर असेल तर तो केसांजवळ धरून रिमच्या दिशेनं वळवा. मीटरवर एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. सुरुवातीला रिमही एफ ८ ठेवा. कोरडे काळे केस असतील तर तो एफ ११ पर्यंत न्यावा लागतो. पांढरे केस, गांधी टोपी, पटका असेल तर एफ ५.६, कधी एफ ४.

पटक्यावरून एक गोष्ट. निपाणीकडचे एक तंबाखूचे शेतकरी आजोबा आले होते, नातवानं आणलेले. पांढरा स्वच्छ पटका, पांढऱ्या मिशा. मी सवयीनं रिम एफ ८ ला ठेवला. चेहरा उत्तम आला, पण पटक्याची एक बाजू कागदासारखी कोरी झाली. तिथं काहीच उरलं नव्हतं आणि डिजिटलमध्ये एकदा कोरं झालेलं परत येत नाही. दोन स्टॉप कमी केले. मग घड्या दिसायला लागल्या, प्रत्येक घडीच्या वरच्या कडेला उजेड आणि खालच्या कडेला सावली. कानाजवळ खोचलेलं टोकसुद्धा दिसलं. आजोबांनी स्क्रीनवर वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता कसा बांधल्यासारखा दिसतोय." तेव्हापासून पांढरं काही असेल तर मी आधी तिथं मोठं करून बघतो, चेहरा नंतर.

याच्या उलट काम पैलवानाचं. बेळगाव परिसरात तालमी आहेत, जत्रेतल्या कुस्त्यांच्या आधी पोस्टरसाठी पोरं फोटो काढून घेतात. तिथं मी मुख्य लाइट अगदी कमी ठेवतो किंवा बंदच करतो आणि दहा व दोन वाजता दोन स्ट्रिप लावतो. अंगाला तेल लावलेलं असेल तर खांदा, दंड, बरगडी यांच्या उभ्या रेघा येतात आणि मधलं सगळं गडद राहतं. आखाड्यातली लाल माती अंगावर असेल तर मात्र तोच लाइट लावूनही रेघ येत नाही, तांब्याचा नारळ होतो. एका पैलवानाला मी अर्ध्या अंगाची माती पुसायला लावली होती. पुसलेला खांदा चकाकला, मातीचा खांदा मऊ उजळला, आणि त्याला तो दुसराच जास्त आवडला.

छोट्या खोलीचा त्रास वेगळा. आपल्याकडच्या बहुतेक खोल्या अरुंद आणि भिंती पांढऱ्या. रिमचा उजेड भिंतीवर आपटून परत येतो आणि रेघ पसरट होते. खडेबाजारातून काळं कापड आणा आणि दोन्ही भिंतींना दोरीवर सोडा, पडद्यासारखं सरकवता येईल असं. माणूस पडद्यापासून किमान पाच फूट पुढं हवाच, नाहीतर रिमचा स्टँड ठेवायलाच जागा राहत नाही. पंखा आडवा येत असेल तर लाइटच्या आधी पंख्याचा विचार करा. बूम, म्हणजे लाइट टांगायचा आडवा दांडा, लावलात तर दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधल्याशिवाय कुणालाही खाली बसवू नका. आणि लाइट बिघडला तर स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट साठलेला असू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला एक लाइट, एक सॉफ्टबॉक्स आणि एक साधा फ्लॅश पुरे. फ्लॅशवर काळ्या पुठ्ठ्याची नळी चढवली की उजेड एका जागी धरणारा स्नूट झाला. काळे स्ट्रॉ कापून चौकटीत चिकटवले की ग्रिड झाला, माझा पहिला ग्रिड असाच होता. फ्लॅश स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या लाइटची चमक पडली की आपोआप उडेल असा, ठेवला तर मुख्य लाइट मॅन्युअलवर हवा. ऑटोवर असेल तर त्याच्या आधीच्या बारीक चमकेनंच स्लेव्ह उडून जातो आणि खऱ्या फोटोत रेघ येत नाही. माझे यात तीन दिवस गेले होते, वायरी तपासत बसलो होतो.

ज्यांना इथं धंदा करायचाय त्यांनी थोडं कन्नड शिकाच. रिममध्ये माणूस दोन इंच हलला तरी रेघ नाकावर जाते, तेव्हा नेमकं सांगता आलं पाहिजे. "स्वल्प ई कड नोड्री", म्हणजे थोडं इकडं बघा. "मुख स्वल्प मेल माड्री", म्हणजे चेहरा जरा वर. गोकाककडच्या आजींना त्यांच्या भाषेत सांगितलं की खांदे आपोआप सैल होतात, आणि खांदे सैल झाले की पदरावरची रेघसुद्धा सरळ उतरते. पासपोर्ट किंवा ओळखपत्राच्या फोटोला मात्र रिम लावू नका, तिथं सपाट उजेड आणि साधा पडदा लागतो.

जमलेली मांडणी जमिनीवर चिकटपट्टीनं खूण करून ठेवा. स्टूल लाल, मुख्य लाइट पिवळी, रिम निळी. वहीत उंची आणि ताकद लिहा, आणि शेजारी केस कोरडे होते का तेलाचे, तेही लिहा. माझ्या पहिल्या वहीत हे शेवटचं लिहिलेलं नाही, त्यामुळं तिच्यातले निम्मे आकडे आज मला उपयोगाचे नाहीत.