गेममधलं गाणं आणि करारातली मुदत

२०२२ च्या जूनमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला, बॅग खांद्याला लावून निघण्याच्या बेतात असताना एक मेल आला. मजकूर दोन ओळींचा. ‘आपणांस दिलेल्या परवानगीस पाच वर्षे पूर्ण झाली आहेत. कृपया सदर ध्वनिमुद्रणाचा वापर थांबवावा.’ पाठवणारे एका जुन्या कॅसेट कंपनीच्या मालकांचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांकडून आम्ही २०१७ साली नव्वदच्या दशकातलं देवीच्या गोंधळाचं एक गाणं गेमसाठी घेतलं होतं.

मी फाइल काढली. करार म्हणायला लेटरहेडवरचं एक पान होतं. ‘सदर गीत आपल्या व्हिडिओ गेममध्ये वापरण्यास आमची हरकत नाही’, खाली रक्कम, सही आणि जांभळा शिक्का. मुदतीचा उल्लेखच नव्हता. तो नाही म्हणजे गाणं कायमचं मिळालं, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा नेमकं उलटं सांगतो. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हाच नियम कलम ३० अ मुळे परवान्यांनाही लागतो. म्हणजे पाच वर्षं संपली होती हे तर खरंच, पण त्याआधीची पाच वर्षं आम्ही जो गेम जगभर विकत होतो, त्यालाही त्या कागदाचा आधार नव्हता. ही दुसरी गोष्ट चिरंजीवांच्या लक्षात आली नव्हती. आमच्या वकील मॅडमच्या आली, आणि त्यांनी मला खुर्चीत बसायला सांगितलं.

या कामात नव्याने येऊ पाहणारी मुलं-मुली मला विचारतात, तेव्हा मी हा किस्सा आधी सांगते. मी सोलापूरची. कायद्याची पदवी पुण्यात घेतली, आणि २०१६ मध्ये एका छोट्या गेम स्टुडिओत ‘ऑडिओ कोऑर्डिनेटर’ म्हणून चिकटले, कारण मुलाखतीत मी एकटीच अशी होते जिला कलम वाचता येत होतं आणि पेटीही वाजवता येत होती. पगार अठरा हजार. काम काय, तर साउंडवाल्या मुलांना एखादं गाणं आवडलं की त्याचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधायचं, फोन करायचे, नकार ऐकायचे.

पहिली गोष्ट जी मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती: गाणं विकत घ्यायला गेलात की दोन दुकानं लागतात. एक दुकान रचनेचं, म्हणजे शब्द आणि चाल. ते गीतकार-संगीतकाराचं किंवा त्यांच्या प्रकाशकाचं, धंद्यातल्या भाषेत ‘पब्लिशिंग’. दुसरं दुकान प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचं, ते बहुतेक वेळा लेबलचं, त्याला ‘मास्टर’ म्हणतात. चित्राला गाणं जोडायचं असेल तर रचनेसाठी सिंक परवाना आणि मुद्रणासाठी मास्टर परवाना, दोन्ही लागतात. नवखा माणूस एकाच दुकानात पैसे भरून बाहेर येतो. आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे पैसे भरले की झालं, असं समजणारे तर दर महिन्याला भेटतात. आयपीआरएस सार्वजनिक वादन-प्रसारणाची रॉयल्टी गोळा करते. गेममध्ये गाणं जोडायची परवानगी मूळ मालकाकडूनच आणावी लागते.

दोन दुकानं असल्याचा फायदाही घेता येतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ‘द रोमँटिक्स’ या बँडने अ‍ॅक्टिव्हिजनवर दावा लावला. ‘गिटार हीरो’ मालिकेतल्या ऐंशीच्या दशकाच्या आवृत्तीत त्यांचं एक गाजलेलं गाणं होतं, पण त्यांनी गायलेलं नव्हे. गेम काढणाऱ्या या कंपनीने रचनेचा परवाना रीतसर घेतला होता आणि गाणं दुसऱ्यांकडून नव्याने वाजवून घेतलं होतं. बँडची तक्रार अशी, की नक्कल इतकी हुबेहूब आहे की लोकांना वाटतं आम्हीच गायलोय. पुढच्याच वर्षी कोर्टाने दावा फेटाळला. मला व्यक्तिशः बँडची चीड समजते. पण कायद्याने पाहिलं तर कंपनीने एका दुकानात पैसे भरले आणि दुसऱ्या दुकानातून काही उचललंच नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेवन सेव्हन्टीन’ या ब्रिटिश बँडच्या मार्टिन वेअर यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांचं १९८३ मधलं ‘टेम्पटेशन’ हे गाणं येऊ घातलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो सिक्स’साठी मागितलं गेलं आणि देऊ केलेली रक्कम होती ७,५०० डॉलर. एकदाच. पुढची रॉयल्टी कायमची सोडून द्यायची. त्यांनी नकार दिला, तोही सभ्य शब्दांत नव्हे. मालिकेच्या आधीच्या गेमने किती अब्ज कमावले याचा हिशेबही त्यांनी सोबत मांडला.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात चहाच्या टपरीवर दोन तट पडले. प्रोग्रामर मंडळींचं म्हणणं, चाळीस वर्षं जुन्या गाण्याला नवीन पोरं ऐकतील, फुकट जाहिरात, घ्यायचे पैसे. साउंडवाले भडकलेले. मी मधे. कारण आकडा वाचताना मला पहिला प्रश्न पडला तो असा: हे ७,५०० कशाचे? गाणं तिघांनी मिळून लिहिलेलं. रचनेचा हिशेब वेगळा, मास्टरचा वेगळा. एकाच्या हिश्शाचा आकडा आणि अख्ख्या गाण्याचा भाव यांत लोक सर्रास गल्लत करत होते. हा आकडा कोणत्या दुकानाचा आणि कितव्या हिश्शाचा, हे विचारल्याशिवाय मत बनवायचं नाही, ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

पण कंपन्या भाव वाढवायला इतका हात का आखडतात, हेही आतून पाहिल्यावर कळलं. मोठ्या गेमच्या आत वाजणाऱ्या रेडिओवर शेकडो गाणी असतात आणि बऱ्याच करारांत ‘एमएफएन’ (मोस्ट फेवर्ड नेशन) नावाचं कलम असतं. लग्नाच्या पंगतीसारखं समजा: एकाच्या पानात जिलबी वाढली की ओळीतल्या सगळ्यांच्या पानात वाढावी लागते. एका गाण्याचे पाच हजार वाढवले की ते शंभर गाण्यांना वाढतात. म्हणून समोरचा ‘हा आमचा शेवटचा आकडा’ म्हणतो, तेव्हा दर वेळी तो खोटं बोलत असतो असं नाही. मात्र म्हणून वेअर चुकले असंही मला वाटत नाही. रक्कम कमी असणं एकवेळ चालेल. ‘कमी आणि कायमची’ ही जोडी वाईट. रक्कम हलत नसेल तर मुदत हलवा, विक्रीचा टप्पा ठरवून त्यानंतर जादा पैसे मागा, पुढच्या भागासाठी नवा करार मागा. अर्ज टाकताना तुम्ही कंपनीच्या बाजूने असाल किंवा कलाकाराच्या, रकमेसकट हीच चार दोरखंडं दोघांच्या हातात असतात.

भारतात ‘बायआउट’ (एकदाच पैसे देऊन सगळं कायमचं घेणं) हा शब्द तर आणखी जपून वापरायचा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क सोडून देता येत नाही, त्याने सही केली तरी. जावेद अख्तर राज्यसभेत ज्यासाठी भांडले ती हीच दुरुस्ती. परदेशी कराराचा मसुदा उचलून नावं बदलणारे वकील मी पाहिलेत. ते पहिल्या दिवशी स्वस्त पडतात.

मुदतीचं दुखणं मात्र आपल्यापुरतं नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फोर’ एप्रिल २००८ मध्ये आला. दहा वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, एका अपडेटने त्यातली डझनावारी गाणी काढली, कारण परवाने संपले. सगळ्यात जास्त फटका बसला तो गेममधल्या रशियन रेडिओला, व्लादिव्होस्तोक एफएमला. ज्यांनी गेम पैसे मोजून कधीच घेतला होता त्यांच्याही घरातून गाणी गेली. ‘अ‍ॅलन वेक’ या गेमचं तर अख्खं दुकानच बंद झालं: मे २०१७ मध्ये गाण्यांच्या परवान्यांमुळे तो विक्रीतून उतरवावा लागला, आणि नव्याने बोलणी होऊन ऑक्टोबर २०१८ मध्ये परत आला. सिनेमा थेटरातून जातो, गेम दहा-पंधरा वर्षं विकला जातो. आपण करार मात्र सिनेमाच्या हिशेबाने करत राहतो.

अजून एक आडवळणाचा खड्डा. कलम १९ म्हणतं की हक्क मिळाल्यापासून वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर तो गळून पडतो. गेम बनायला तीन-तीन वर्षं लागतात. गाणं सुरुवातीलाच आवडलं म्हणून उत्साहात सही केली की गेम बाजारात यायच्या आतच परवाना मेलेला असू शकतो. ही एक ओळ करारात घालायला दहा सेकंद लागतात.

परवानगी कशासाठी, हाही वादाचा मोठा झरा. ‘नो डाउट’ बँडने २००९ मध्ये ‘बँड हीरो’वरून अ‍ॅक्टिव्हिजनला कोर्टात खेचलं. बँडने आपल्या आकृत्या आपलीच गाणी गाण्यासाठी दिल्या होत्या. गेममध्ये खेळाडू त्याच आकृत्यांकडून इतरांची गाणी गाऊन घेऊ शकत होते. बँडची गायिका ग्वेन स्टेफानी हिच्या चेहऱ्यातून भलत्याच पुरुषी आवाजात भलतंच गाणं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने कंपनीचा सुरुवातीचा बचाव नाकारला, २०१२ मध्ये तडजोड झाली. तेव्हा गाणं कुठल्या प्रसंगी वाजणार, खेळाडूला ते बदलता येणार का, ट्रेलरमध्ये जाणार का, हे सगळं लिहायचं. आणि खेळताना प्रक्षेपण करणाऱ्यांचंही बघायचं. ‘सायबरपंक २०७७’मध्ये परवान्याची गाणी बंद करण्याची सोय उगाच नव्हती दिली, नाहीतर प्रक्षेपण करणाऱ्याच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दणका बसतो.

तर आमचं गोंधळाचं गाणं. चिरंजीवांनी पुढच्या मुदतीसाठी जो आकडा सांगितला तो मूळ रकमेच्या आठपट होता. आमची कंपनी तेवढी देणार नव्हती. मी कॅसेटचं कव्हर पुन्हा पाहिलं. गीत: पारंपरिक. संगीत: पारंपरिक. म्हणजे रचनेच्या दुकानाला मालकच नव्हता, टाळं फक्त मुद्रणाला. गाणं नव्याने गाऊन घेता येणार होतं. (‘पारंपरिक’ छापलंय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. पैसे द्यायला नकोत म्हणून जिवंत शाहिराचं कवनही पारंपरिक म्हणून छापलेलं मी पाहिलंय. मी तीन जुन्या जाणकारांकडून खात्री केली.) कॅसेटवर गाणारे आप्पा हयात होते, तुळजापूरजवळच्या एका गावात. जुलैमध्ये साउंडच्या पोराला घेऊन मी एसटीने गेले.

घर दोन खोल्यांचं. खुंटीला संबळ, शेजारी कवड्यांची माळ, कोनाड्यात तीच कॅसेट. कॅसेटच्या वेळी काय मिळालं विचारलं तर आप्पा म्हणाले, “दोनशे रुपये आन् जेवण.” नव्याने गायचं म्हटल्यावर नातवाला हाक मारली आणि मला विचारलं, “ताई, त्या खेळात गाणं चालू असताना काय होतंय?” मी खरं सांगितलं, लढाई होते. “मान्सं मरत्यात?” राक्षस मरतात, मी म्हटलं. “आन् खेळणारा हरला तर? आईचं नाव चालू आन् खाली मुडदा पडलेला, आसं नको.”

मला ऑक्टोबर २००८ आठवला. ‘लिटलबिगप्लॅनेट’ हा गेम बाजारात यायच्या तोंडावर सोनीने जगभरातून डिस्क परत मागवल्या होत्या. मालीच्या तुमानी दियाबाते यांच्या एका गाण्यात कुराणातले शब्द होते. परवाना व्यवस्थित घेतलेला, पण शब्दांचा अर्थ कोणी विचारला नव्हता. शेवटी गायन काढून नुसतं वादन ठेवलं गेलं. आम्हाला आप्पांनी फुकटात विचारून दिलं. खेळाडू पडला की गाणं लगेच थांबेल, असं मी करारात कलम म्हणून लिहिलं. प्रोग्रामरला ते करायला अर्धा दिवस लागला आणि तो आठवडाभर कुरकुरला.

शिकायचं कुठे म्हणाल तर वायपो (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संघटना) अकादमीचा डीएल-१०१ हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, त्याने पाया होतो. बाकी शिक्षण करार वाचून. नोकऱ्या जाहिरातीत ‘म्युझिक क्लिअरन्स’ किंवा ‘सिंक लायसन्सिंग’ या नावाने दिसतात, बहुतेक मुंबईत लेबल आणि प्रकाशकांकडे. पुण्या-बंगळुरूच्या स्टुडिओंत हे काम अजून कोणाच्या तरी इतर कामाला जोडलेलं असतं. पहिली दोन वर्षं एक्सेलची शीट भरण्यात जातात: गाणं, दोन्ही मालक, हिस्से, प्रदेश, मुदत, संपण्याची तारीख. कंटाळवाणी आहे. ती शीट २०१७ मध्ये आमच्याकडे असती तर मी वर लिहिलेलं बरंचसं घडलं नसतं.

आप्पांना करार मी मराठीतच लिहून नेला होता आणि मोठ्याने वाचून दाखवला. एका ओळीवर त्यांनी हात वर केला.

“कायमस्वरूपी म्हंजे किती वर्सं?”

आमच्या ऑफिसने मला तोच शब्द घालून पाठवलं होतं. मी वकील मॅडमना फोन लावला, दहा मिनिटं अंगणात उभी राहून बोलले, आत आले आणि पेनाने शब्द खोडून ‘१५ वर्षे, संपूर्ण जग’ लिहिलं. बाजूला दोघांच्या सह्या. आप्पांनी कागद नातवाकडे दिला आणि म्हणाले, “सोळाव्या वर्साला कुणाला फोन लावायचा, ते बी लिहा ताई.”

मी माझा नंबर लिहिला. माझ्या फोनच्या कॅलेंडरात जुलै २०३७ ची एक नोंद तेव्हापासून आहे. नातवाच्याही.