फायटर माशाची पिल्लं घरी कशी काढावीत: अंडी बापाच्या ताब्यात राहू द्या

फायटरची जोडी लावणं सोपं. अंडी मिळणंही सोपं. पण अंडी पडल्यापासून पिल्लं आडवी पोहायला लागेपर्यंतचे जे चार-पाच दिवस असतात, तिथे बहुतेकांचं गाडं अडतं. सध्या व्हिडिओंमधून एक सल्ला सर्रास दिला जातो: अंडी पडली की नराला बाहेर काढा, मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) टाका, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा आणि अंडी तुम्हीच उबवा. एंजल माशासाठी हे चालतं, पुष्कळ जण करतातही. फायटरसाठी हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी नवख्यांची शेकडो अंडी वाया जातात.

पाण्यातलं क्लोरीन कसं घालवायचं, तापमान कसं मोजायचं हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जाते.

टाकी

दीड-दोन फुटी टाकी किंवा पसरट प्लास्टिकचा टब घ्या. पाणी चार ते पाच इंच, त्याहून जास्त नको, कारण खाली पडलेलं प्रत्येक अंडं नराला वर न्यायचं असतं. तळाला खडी नको, वाळू नको. फिल्टर बंद. थर्मोकोलचा कप उभा अर्धा कापून पाण्यावर काचेला चिकटवा, घरटं त्याच्याखाली होईल. मादीला लपायला जावा मॉसचा (पाण्यातल्या शेवाळवजा वनस्पतीचा) भरपूर मोठा पुंजका ठेवा.

सोबत बदामाचं एक वाळलेलं पान टाका. दुकानांत ही पानं पाकिटात घालून विकतात. मुंबईत त्यासाठी पैसे मोजायची काही गरज नाही, अर्ध्या सोसायट्यांच्या आवारात हे झाड उभं असतं. लाल होऊन आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान उचला. हमरस्त्याच्या कडेचं किंवा जिथे औषधफवारणी होते तिथलं घेऊ नका.

जोडी

नर फेसाचं घरटं बांधतोय, मादीचं पोट भरलंय, तिच्या अंगावर उभे पट्टे उमटलेत आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसतोय, म्हणजे जोडी तयार. एक दिवस मादीला काचेच्या ग्लासात ठेवून नराला नुसती दाखवा, मग सोडा. तो तिला पिटाळेल, दोघांचे पर थोडे फाटतील. एवढं चालतं. नर अंग मुडपून मादीला वेढतो, पांढरी अंडी खाली सुटतात आणि तो ती तोंडात गोळा करून घरट्यात ठेवतो. हे काही तास चालतं. सगळं आटोपलं की नर मादीच्या अंगावर धावून जातो आणि ती कोपऱ्यात दबते. लगेच तिला ग्लासने अलगद काढा. जाळी फिरवलीत तर घरटं मोडेल.

आता नराला हात लावू नका

मला सगळ्यात जास्त दमवलं ते या टप्प्याने, म्हणून इथे सविस्तर सांगते.

मादी गेल्यावर नर घरट्याखाली ठाण मांडून बसतो. फेस विरला की नवे बुडबुडे सोडतो. सुटलेलं अंडं तळाला पोहोचायच्या आत झेलतो. मधूनमधून तो अंडी तोंडात घेतो, जबडा हलवतो आणि इथेच लोक घाबरतात: "खातोय!" थांबा आणि नीट बघा. तोंडात घेतलेलं अंडं काही क्षणांत बुडबुड्यासोबत परत वर गेलं, तर त्याने ते साफ करून दुसऱ्या जागी ठेवलंय. काही अंडी तो खरंच खातो, आणि ती त्याने खायलाच हवीत. फळलेलं नसलेलं अंडं चुन्यासारखं पांढरंफटक होतं, त्यावर बुरशी धरते आणि तिथून बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. मेथिलीन ब्लूच्या भरवशावर राहिलात, तर जेमतेम मिलिमीटरभराची अशी अंडी फेसातून ड्रॉपरने वेचायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. नर ते तुमच्यापेक्षा कितीतरी सफाईने करतो.

दुसरं कारण हवेचं. फायटर मूळचा थायलंडकडचा, उथळ आणि साचलेल्या पाण्यातला. तिथे पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून अंडी पृष्ठभागावर फेसात ठेवायची ही पद्धत. अंडं तळाला पडून राहिलं तर ते गुदमरू शकतं. नर काढल्यावर फेस कोण टिकवणार? आणि एअर स्टोनचे बुडबुडे घरटं टिकवत नाहीत, मोडतात.

काही नर सगळी अंडी खाऊन टाकतात, हे खरं आहे. वयाने कोवळे, पहिल्यांदाच बाप झालेले किंवा सतत दचकवलेले नर असं करतात. अशा नराला पुन्हा संधी द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही त्याने तेच केलं, तर पिल्लांसाठी दुसरा नर निवडा. तो दचकू नये ही जबाबदारी मात्र तुमची. टब वॉशिंग मशीनजवळ किंवा दाणकन आपटणाऱ्या दाराशेजारी नको. दर तासाला मोबाइलचा टॉर्च मारून बघणं बंद करा. गणपतीत खिडकीखालून ढोल-ताशे जाणार असतील, तर त्या आठवड्यात जोडीच लावू नका.

टबावर काच किंवा प्लास्टिकचा कागद हवाच. आपल्या घरांत डोक्यावर पंखा गरगरत असतो. त्याच्या वाऱ्याने फेस सुकतो आणि वरची हवा गार पडते. पावसाळ्यात हवाच दमट असते, म्हणून घरटी छान टिकतात आणि जोडी लावायला मला तेच दिवस आवडतात. टब गॅलरीत असेल तर झाकणाचा दुसरा फायदा म्हणजे त्यात डास अंडी घालत नाहीत. साचलेलं पाणी तपासायला पालिकेची माणसं दारात येतात ती योग्यच कारणासाठी.

या काळात नराला खाऊ घालू नका. उरलेलं अन्न कुजून चार इंच पाणी एका दिवसात खराब होतं. चांगला पोसलेला नर इतके दिवस सहज काढतो.

अंडी कधी फुटतात

27-28 अंशांना साधारण 24 ते 48 तासांत. पाणी गार असेल तर जास्त वेळ लागतो. मुंबईत वर्षातले बरेच महिने पाणी आपोआप तेवढं कोमट असतं. हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना, आणि जिथे रात्रभर एसी चालतो त्या खोलीत बाराही महिने. तापमान स्थिर ठेवा. लवकर पिल्लं हवीत म्हणून पाणी तापवायला जाऊ नका.

अंड्याच्या आत काय चालतं हे कळलं की धीर धरणं सोपं जातं. कवच फोडायला पिल्लू नुसता जोर लावत नाही. त्याच्या अंगावरच्या खास ग्रंथींतून एक विकर (एन्झाइम) स्रवतं, ते कवच आतून विरघळवतं आणि मग शेपटीच्या झटक्याने पिल्लू बाहेर येतं. बाहेर पडायची वेळ पुष्कळ प्राण्यांत परिस्थितीनुसार पुढेमागे होते. मध्य अमेरिकेतल्या लाल डोळ्यांच्या झाडबेडकाची अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांवर असतात. सापाने हल्ला केला की त्यातली तयार होत आलेली पिल्लं वेळेआधीच अंडी फोडून खाली पाण्यात उड्या घेतात. तिकडच्याच एका काचबेडकात बाप अंडी ओली ठेवतो. बाप नाहीसा झाला आणि अंडी सुकायला लागली की पिल्लं ठरल्या वेळेच्या आधी बाहेर पडतात. उलट आपल्याकडे कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत अंडी पुरून समुद्रात निघून जाते, परत फिरकत नाही. पुढचे साधारण 45 ते 60 दिवस सगळं वाळूच्या उबेवर ठरतं. फायटर यांच्यातला बाप बाळगणारा प्राणी. बाप काढून घ्यायचा आणि अंड्याने वाळूतल्या अंड्यासारखं स्वतःचं निभवावं अशी अपेक्षा करायची, हे चालत नाही.

पिल्लं बाहेर आली की घरट्यातून बारीक शेपट्या खाली लोंबताना दिसतात. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते आणि त्यांना अजून पोहता येत नाही. ती सुटून पडतात, नर झेलतो, कधी एकदम चार-पाच तोंडात धरून वर नेतो आणि फुंकून परत फेसात ठेवतो. या रात्री खोलीत झिरोचा दिवा चालू ठेवा. गुडुप अंधारात पडलेली पिल्लं त्याला दिसत नाहीत.

नर नेमका कधी काढायचा

"तिसऱ्या दिवशी काढा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तिसरा दिवस कुठून मोजायचा आणि कुठल्या तापमानाला, हे कुणी सांगत नाही. कॅलेंडर बाजूला ठेवा आणि पिल्लांची ठेवण बघा. उभी लोंबतात तोवर नर आत. आडवी होऊन पुढे सरकायला लागली की नर बाहेर. अंडी फुटल्यावर याला साधारण दोन-तीन दिवस लागतात.

मधला काळ मात्र घोळाचा असतो. सकाळी दहा-वीस पिल्लं आडवी झालेली असतात, बाकीची लोंबत असतात. नर आडव्या पिल्लांनाही पकडून घरट्यात आणतो, ती पुन्हा निसटतात. अर्ध्याहून जास्त आडवी होईपर्यंत थांबा. त्याआधी काढलात तर उरलेली तळाला पडून मरतात. आणखी दिवसभर ठेवलात तर उपाशी, थकलेला बाप हलणाऱ्या पिल्लांना भक्ष्य समजायला लागतो.

काढताना घाई नको. घरट्यापासून लांबच्या कोपऱ्यात ग्लास आडवा बुडवून ठेवा आणि नराला बोटाने हळूच तिकडे वळवा. उचलण्याआधी त्याचा गळा बघा. तो फुगलेला असेल तर तोंडात पिल्लं आहेत, ती त्याने घरट्यात सोडेपर्यंत वाट बघा. मग त्याला तितक्याच कोमट पाण्यात एकट्याला ठेवा आणि पहिल्या दिवशी खाणं अगदी थोडं द्या.

पुढचं सगळं

पिल्लं आडवी झाली त्याच दिवसापासून इन्फुसोरिया (पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) द्या. त्याची बरणी जोडी लावतानाच तयार करायला घ्या. कोबीचं पान पाण्यात ठेवून पाणी आधी गढूळ आणि मग स्वच्छ होईपर्यंत थांबलात की झालं. चार-पाच दिवसांनी अंड्यातून नुकते बाहेर आलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, पाणी नासतं.

पाणी एअरच्या बारीक नळीने थेंबथेंब बदला. हळू चालणारा स्पंज फिल्टर दोन आठवड्यांनंतर लावा.

झाकण आणखी महिना-दीड महिना राहू द्या. हवेतून श्वास घ्यायचा अवयव पिल्लांना याच काळात तयार होतो आणि वरची हवा गार असली तर ती दगावतात.

नर एकमेकांवर पर फुलवायला लागले की त्यांना वेगवेगळ्या बरण्यांत घाला. बरण्या, जागा आणि रोज पाणी बदलायला वेळ, यांची सोय जोडी लावण्याआधी करून ठेवा, कारण एका वेळी शेकडो अंडी येऊ शकतात. जास्तीची पिल्लं ओळखीच्या छंदिष्टांना द्या, दुकानदाराला विचारा. पवई तलावात किंवा कुठल्याही नाल्यात सोडू नका, हा आपल्या पाण्यातला मासा नाही.